गप्प बसण्याचा नियम

९ जानेवारी

काकू,

पाया पडते, आणि आधी गुडघ्यांची चौकशी करते, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

काकाचं पुस्तक चाललंय. थट्टा करत नाही. तो गेल्यापासून ‘बेटावरचा हिवाळा’ची खोकी तुझ्या दुकानात माळ्यावर पडून आहेत, ती आता खाली काढून ठेव. मी ज्याची अॅडमिन आहे तो ग्रुप तुला माहीत आहे ना, टेबलाभोवती बसून गोष्टींचे खेळ खेळणाऱ्यांचा, नेटवरचा? तिथे एका मुलीने मोठा मजकूर लिहिलाय. भावाला काहीतरी भेट घ्यायला म्हणून ती तुझ्याकडे आली होती. शनिवार होता, मधल्या टेबलावर खेळ चालू होता. ‘घ्यायला गेले होते पत्त्यांचा जोड आणि दुकान बंद होईपर्यंत उभीच राहिले,’ असं लिहिलंय तिने. खाली ही एवढी रांग लागलीय लोकांची. पुस्तक कुठे मिळेल, अजून छापतात का, लेखक कोण. मी सगळ्यांना तुझ्या दुकानाचा पत्ता दिला. लेखकाबद्दल एवढंच लिहिलं की तो माझा काका होता, खेळांचं दुकान चालवायचा, आणि हे त्याचं एकच पुस्तक.

दिवसभर प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर डोळे फोडते आणि संध्याकाळी लोकांची उत्तरं देत बसते. पण काकू, खूप दिवसांनी बरं वाटतंय.

शनिवारच्या टेबलावर कोण कोण असतं आता? सविस्तर लिही.

तुझी
चिंगी

२१ जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद. गुडघे आहेत तिथेच आहेत, तेच पुष्कळ.

खोकी खाली काढली. वायरमनने काढून दिली, मला शिडीवर चढू देत नाही तो. रोज दुपारी पुडकी बांधते. चिकटपट्टीचा आवाज ऐकून शेजारचा शिंपी विचारतो, ‘वहिनी, दुकान हलवताय की काय?’ म्हटलं, हलवत नाही, हलायला लागलंय.

पण तुझ्या ग्रुपवरची माणसं कशी असतात तेही ऐक. आत येतात, पुस्तक हातात घेतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि ‘बघतो’ म्हणून जातात. घरी जाऊन कुठूनतरी मागवत असतील. मी काही बोलत नाही. एक गृहस्थ मात्र विकत घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत आले. ‘पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं पुस्तकच दिलंत!’ मी त्यांना बसवलं. म्हटलं, पुस्तक हाच खेळ. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी बेटावरची माणसं: कोणी दिवेवाला, कोणी सुईण, कोणी होड्या दुरुस्त करणारा. वसंतापर्यंत बोट येणार नाही. तोवर सगळ्यांनी मिळून हिवाळा काढायचा. काय करता ते बोलून सांगायचं, आणि जमेल की नाही असं अडलं की फासे टाकायचे. गृहस्थ म्हणाले, ‘आणि जिंकतं कोण?’ म्हटलं, शनिवारी या, बघा. आले. आता दर शनिवारी येतात, आणि कोण जिंकतं ते विचारायचे थांबलेत.

म्हणजे बघ, नेटवरच्या बोलण्याने माणूस दारापर्यंत येतो. आत बसवायला खुर्ची लागते.

टेबलावर दातांच्या डॉक्टरीणबाई सूत्रधार असतात. वायरमन आणि त्याची बायको असतात, आणि आता हे सोंगट्यावाले. सगळं छान चाललंय. काळजी नको.

पत्रच लिहीत जा. फोनवर तू घाईत असतेस आणि मला अर्धं ऐकू येत नाही. कागदावर दोघींची उंची सारखी होते.

काकू

१७ फेब्रुवारी

काकू,

या पत्रात गोड आणि कडू दोन्ही आहे. गोड आधी.

एका प्रकाशकाने मला गाठलं. असल्या खेळांचीच पुस्तकं काढतात. ‘बेटावरचा हिवाळा’ची नवी आवृत्ती काढायची म्हणतात, नवी चित्रं, चांगला कागद, आणि पुस्तक सगळीकडच्या दुकानांत जाईल. हक्क तुझ्याकडे आहेत, म्हणून तुझी संमती लागेल.

आता कडू. मागच्या आठवड्यात ग्रुपवर ‘घुबड’ नावाने लिहिणाऱ्या माणसाने पुस्तकाचं परीक्षण टाकलं. घुबड कोण ते कोणाला माहीत नाही, पण त्याचा शब्द चालतो. त्याने वाईट म्हटलं की पुस्तक बसतं. त्याने काकाच्या पुस्तकाची तारीफच केलीय, शेवटचं प्रकरण सोडून. ‘मागे राहिलेल्यांची बैठक.’ तुला तोंडपाठ असेल. बेटावरचं कोणी मेलं की त्याच्या खेळाडूने उठायचं नाही, नवं पात्र घ्यायचं नाही. खुर्चीत गप्प बसायचं, आणि बाकीच्यांनी एकेक करून त्या मेलेल्या माणसाची आठवण सांगायची. खरी नसली, तिथेच रचलेली असली तरी चालेल. घुबड म्हणतो, ‘इथे लेखक विसरला की लोक खेळायला आलेत. ज्याचं पात्र मेलं त्याला आणखी शिक्षा कशासाठी?’

त्याच्यामागे सगळेच बोलायला लागले. ज्या वेगाने मागणी चढली होती त्याच वेगाने उतरली. दुधाला ऊत यावा आणि गॅस बंद करावा तसं. प्रकाशकाचं लक्ष असतंच ग्रुपवर. ते म्हणतात, हे प्रकरण वगळलं तरच आवृत्ती काढू.

मीही ते पुन्हा वाचलं, काकू. बाकी पुस्तकात काकाचा आवाज आहे. त्या प्रकरणात तो थकलेला वाटतो. शेवटच्या दिवसांतलं लिखाण आहे ते, त्याची वाचा गेल्यानंतरचं. त्यातली काही वाक्यं तर नियम वाटतच नाहीत. वगळलं तर पुस्तक जगेल. नाही वगळलं तर खोकी परत माळ्यावर.

विचार करून कळव.

चिंगी

२५ फेब्रुवारी

चिंगी,

प्रकरण राहील.

प्रकाशकांना नमस्कार सांग आणि तसं कळव.

काकू

८ मार्च

काकू,

तुझं पत्र उघडलं तेव्हा वाटलं, आत आणखी एक कागद असेल. पाकीट झटकूनही बघितलं.

रागावू नकोस, पण मला राग आलाय. मी हे सगळं स्वतःसाठी करतेय का? लहानपणी सुट्टीला तुमच्याकडे यायचे तेव्हा पहिला फासा काकाने माझ्या हातात दिला. त्याचं नाव चार लोकांच्या तोंडी असावं, एवढंच हवंय मला. आणि तू ते प्रकरण भिंतीवरच्या फोटोसारखं धरून बसलीस. फोटोला हार घालता येतो, काकू. पुस्तक कोणी वाचलं नाही तर त्याचा रद्दीत भाव होतो.

तुझ्या बाजूचं एक मात्र मला दिसलंय, तेही लिहिते, नाहीतर म्हणशील वकिली करते. बाहेरगावच्या ज्या दुकानांनी तुझ्याकडून प्रती नेल्या, त्या सगळ्यांना मी फोन केले. ज्यांनी नुसतं फडताळात लावलं, त्यांच्याकडे घुबडाच्या परीक्षणानंतर पुस्तक ठप्प आहे. ज्यांनी टेबल मांडून आठवड्याला खेळ ठेवला, त्यांच्याकडे हळूहळू पण जातंय, अजूनही. तिथल्या गिऱ्हाइकांनी घुबडाचं नावही ऐकलेलं नाही. एक दुकानदार म्हणाला, ‘त्या शेवटच्या प्रकरणानंतरच लोक स्वतःची प्रत मागतात.’ का ते त्याला सांगता येईना. ‘बसून बघा म्हणजे कळेल,’ एवढंच.

मग तूच सांग ना. तू शनिवारी तिथे असतेस. तू खेळलीस तेव्हा काय झालं ते लिहून पाठव. तुझ्या नावाने ग्रुपवर टाकते. लेखकाच्या बायकोने लिहिलेलं लोक वाचतील, प्रकाशकही वाचतील. एवढं केलंस तर मी पुन्हा वगळण्याचा शब्द काढणार नाही.

वाट बघते.

चिंगी

१९ एप्रिल

चिंगे,

इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू काय काय मनात आणलं असशील. तुझे दोन फोन आले तेही मी उचलले नाहीत. तू जे मागितलंस ते माझ्याकडे नव्हतंच. मी तो खेळ कधी खेळलेच नव्हते.

नवल वाटेल तुला. दुकान आमचं, पुस्तक ह्यांचं, टेबल माझ्या डोळ्यांसमोर. पण मी नेहमी गल्ल्याच्या अलीकडे. कोणाला चहा, कोणाला पेन्सिल, कोणाचा फासा फडताळाखाली गेला तो केरसुणीने काढून दे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ‘बसा की एकदा.’ मी म्हणायचे, गिऱ्हाईक कोण बघणार? गिऱ्हाईक नसायचं तेव्हाही म्हणायचे.

कारण ते प्रकरण मी वाचलं होतं. त्यात एक वाक्य आहे: ‘आपल्याबद्दल कोणी चुकीचं सांगितलं, तरी गेलेल्याने मधे बोलू नये.’ तुला ते नियम वाटलं नाही, ते बरोबरच आहे. मला ते माझ्या नावाने लिहिलेलं वाटलं. त्यांची वाचा गेली तेव्हापासून त्यांच्या वतीने मीच बोलायचे ना. कोणी भेटायला आलं, ‘कसं वाटतंय?’ म्हणालं, की ह्यांनी पाटीवर लिहायच्या आत मी सांगून मोकळी. आज बरं आहे, आज जेवले, आज झोप लागली. बरं असो नसो. ते माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याचा अर्थ मी लावला नाही, आणि मग ते वाक्य वाचलं आणि आपोआप लागला. माणूस तक्रार लिहून गेला, असं मी धरून चालले. तक्रार असली तरी त्यांची होती, म्हणून खोडू द्यायची नव्हती. आणि ऐकायचीही नव्हती.

तुझ्या पत्राने मला कोंडीत पकडलं. तुला खोटं लिहून पाठवावं असंही एकदा मनात आलं. मग मार्चमधल्या एका शनिवारी गल्ल्याला कुलूप लावलं आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले. वायरमनच्या बायकोने स्वतःची पिशवी खुर्चीवरून उचलून खाली ठेवली.

मी होड्यांना डांबर लावणारी बाई झाले. चांगलं जमत होतं गं मला. चार शनिवार बेटावर काढले. दिवेवाल्याशी भांडले, सुईणीला लाकडं फोडून दिली. सोंगट्यावाले आता दिवेवाले आहेत, आणि हट्टी आहेत. मागच्या शनिवारी वादळात एक होडी सुटायला आली. मी म्हटलं, मी जाते, दोर बांधते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘नक्की? लाटा वरून जाताहेत.’ म्हटलं, नक्की. फासे टाकले. वाईट पडले. पुन्हा एक संधी असते, तीही वाईट पडली. बाई हळूच म्हणाल्या, ‘काकू, गेलात तुम्ही.’

मग मी गप्प बसले.

वायरमन आधी बोलला. म्हणाला, ‘डांबरवाली रोज पहाटे माझ्या दारावरून जाताना कडी वाजवायची. मी जिवंत आहे की नाही बघायला. मी आतून शिवी द्यायचो. मग ती पुढे जायची.’

चिंगे, असं काही मी केलंच नव्हतं. चार शनिवारांत एकदाही नाही. माझं तोंड उघडलं होतं, अहो मी कुठे कडी वाजवली, म्हणायला. नियम आठवला आणि मिटलं. त्याची बायको म्हणाली, ‘तिच्या हाताला वास यायचा म्हणून ती माझ्या बाळाला घ्यायची नाही. लांबून बोटं हलवायची.’ तेही मी केलं नव्हतं, पण मी केलं असतं. ते तिला कसं कळलं? दिवेवाले म्हणाले, ‘आमचं भांडण मिटायचं राहिलं. मी उद्या मिटवणार होतो.’ आणि त्यांना पुढे बोलता येईना. आपण आपल्या मनाने रचलेलं सांगतोय हे विसरले होते ते.

पहिल्यांदा मला दुरुस्ती करायची घाई होती. थोड्या वेळाने ती घाईच गेली. मग वाटायला लागलं, आणखी सांगा. चुकीचं सांगा, पण सांगा. माझ्याबद्दल इतकं सलग कोणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आपण बोलत असतो ना सारखं, आपलं ऐकू कुठून येणार?

तेव्हा मला आठवलं ते तुला सांगते. शेवटच्या महिन्यांत ह्यांची खाट दुकानामागच्या खोलीत होती. शनिवारी लोक जमले की ते पाटीवर लिहायचे, ‘दार.’ मी किलकिलं करून द्यायचे. मला वाटायचं, वारा हवा असेल. मी पंखा वाढवायचे, ते मान हलवायचे, मला कळायचं नाही. लोक बाहेर त्यांच्याबद्दलच बोलत असायचे. त्यांच्या जुन्या फजित्या, त्यांनी कोणाला कसं शिकवलं, कोणाला कसं हरवलं, निम्मं तिखटमीठ लावून. आणि हे आत पडून ते प्रकरण लिहीत होते. तक्रार करणारा माणूस दार किलकिलं ठेवायला सांगत नाही.

मी बाहेर आलेल्यांना ‘आज बरं आहे’ म्हणत होते, तेही ऐकत असतील. तेही त्यांना हवंच असेल का? ते मला कधी कळणार नाही. पण आता मी ते वाक्य न भिता वाचते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुढे चला, आणि खेळ पुढे गेला. दुकान बंद करताना दिवेवाल्यांनी आणखी एक प्रत घेतली. एक होती त्यांच्याकडे. म्हणाले, भावाला पाठवतो, आमचं बोलणं नाही बरीच वर्षं.

हे पत्र ग्रुपवर टाकू नकोस. तुला लिहिलंय. प्रकाशकांना काय सांगायचं ते तू ठरव, मी सही करते. वगळायचं म्हणालीस तरी करते. पण आधी तू एकदा बस.

काकू

२ जून

काकू,

पत्र टाकलं नाही. कोणालाच दाखवलं नाही.

मीही ते प्रकरण कधी खेळले नव्हते. ग्रुप चालवते, नियमांवर वाद घालते, आणि काकाचं पुस्तक फक्त वाचलं होतं. तुझं पत्र आल्यावर ग्रुपमधल्या चौघांना गोळा केलं. सगळे वेगवेगळ्या गावांत, म्हणून पडद्यावर खेळलो. आणि ते साफ पडलं. ज्याचं पात्र मेलं त्याने कॅमेरा बंद केला. सवयीनेच, गप्प बसायचंय तर दिसायचं तरी कशाला. समोर काळी चौकट. आम्ही आठवणी सांगत होतो त्या कोणाला, तेच कळेना. घुबड म्हणत होता ते मला त्या दिवशी पटलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे टेबल नव्हतं.

मग मी त्यालाच लिहिलं. तुम्ही या, कॅमेरा चालू ठेवा, एक हिवाळा खेळून बघा. वाटलं नव्हतं येईल. आला. घुबड म्हणजे साठीच्या पुढची एक बाई निघाली, काकू. केस पांढरे, मागे पुस्तकांचं कपाट. म्हणाली, ‘मी लांब राहते, इथे खेळणारं कोणी नाही. वाचते आणि लिहिते, तेवढंच.’ कित्येक वर्षांत ती कोणाबरोबर खेळलेली नव्हती. तिची सुईण तिसऱ्या बैठकीत तापाने गेली. आम्ही बोलत होतो तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघत होती, मग खाली बघायला लागली, मग पुन्हा वर. बंद मात्र केला नाही. संपल्यावर ‘धन्यवाद’ एवढं म्हणून निघून गेली. मला वाटलं, संपलं सगळं.

दोन दिवसांनी तिने ग्रुपवर लिहिलं. ‘हा नियम सदोष आहे, हे माझं मत कायम आहे. खेळाडूला त्यात करण्यासारखं काही नाही. तरीही तो काढू नये. मी न खेळता लिहिलं होतं.’ बस, एवढंच. वादावादी झाली, होणारच. पण त्याच आठवड्यात टेबल मांडणाऱ्या दुकानदारांनी आपसांत बोलून प्रकाशकांना कळवलं की प्रकरण असेल तर आम्ही प्रती आधीच मागवून ठेवतो. प्रकाशक तयार झाले. कागद साधा असेल, चित्रं कमी, पहिली छपाईही लहान. तुला चालेल ना?

एक परवानगी हवी. पडद्यावर खेळणाऱ्यांसाठी त्या प्रकरणाखाली एक ओळ घालायची आहे: ‘समोरासमोर नसाल, तर गेलेल्याचा चेहरा दिसत राहू द्या.’ माझं नाव नको. तुला नको वाटली तर नको.

आणि मी रागाने लिहिलं होतं, ते फोटोचं. ते फाडून टाक.

चिंगी

२८ सप्टेंबर

चिंगे,

नवी आवृत्ती आली. तुझी ओळ तळाशी बारीक अक्षरांत आहे. चष्मा लावून वाचली. त्यांच्या वाक्यांत ती उपरी वाटत नाही. तुझं कुठलंही पत्र मी फाडलेलं नाही, फाडणारही नाही.

विक्री कशी आहे विचारशील. सावकाश आहे. तुझ्या ग्रुपवर कोणी काही लिहिलं की दोन दिवस फोन वाजतो, मग थांबतो. शनिवार थांबत नाही. डॉक्टरीणबाई मुलीकडे गेल्यात, महिनाभर येणार नाहीत, म्हणून सूत्रधार मी झालेय. हसू नकोस. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना इतके सोपे प्रसंग दिले की वायरमन म्हणाला, ‘काकू, हे बेट आहे की सहलीचं ठिकाण?’ आता जमतं थोडं थोडं.

काल एक नवे गृहस्थ आले होते. बरेच लांबून, गाडी बदलून. नेटवर वाचलं म्हणाले, आमच्याकडे असं दुकान नाही. अबोल माणूस. त्यांना मासेमारी करणाऱ्याचं पात्र दिलं. पहिलाच खेळ, आणि बर्फ फुटून ते दुपारीच गेले. त्यांना वाटलं आपलं संपलं. कोट उचलला, पिशवी उचलली, खुर्ची मागे सरकवली.

मी म्हटलं, ‘बसा.’

ते म्हणाले, ‘आता मी काय करायचं?’

म्हटलं, ‘काही नाही. ऐका.’

ते कोट मांडीवर घेऊन बसले. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, कारण कोणी सुरुवात करेना. नवा माणूस, दोन तासांची ओळख, काय सांगणार? सूत्रधाराने आधी बोलावं असं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि बोलायला लागले.

काकू